थडग्यावरची दोन अक्षरं

१

जुन आब्रासाल्दोच्या थडग्यावरची दोन अक्षरं कुणीतरी खरवडून काढली होती, आणि ती कुणी काढली हे शोधायला त्याची बायको माझ्याकडे आली. ती दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

२००३ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, आमच्याकडे सगळं गाव कबरस्तानात जमतं, त्यामुळे आधीचा आठवडाभर ज्याची त्याची आपापली थडगी घासण्या-रंगवण्याची गडबड असते. मी तेव्हा मालिगाय वस्तीचा कॅप्टन, म्हणजे निवडून आलेला प्रमुख, होतो. लोक मला कॅप म्हणतात. त्याच्या आधी बारा वर्षं पोलिसात होतो, म्हणून वस्तीत कुणाची कोंबडी गेली तरी शोध मीच लावायचा, असा रिवाज पडला होता.

मेर्लिता दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात चुन्याचा ब्रश तसाच होता.

"कॅप, चला. जुनचं थडगं फोडलंय."

"फोडलंय म्हणजे?"

"तुम्ही बघा तर. मला सांगता येत नाही."

थडगं फुटलेलं नव्हतं. संगमरवरी पाटीवर नाव होतं, तिओदुलो आब्रासाल्दो. खाली जन्म १९५९, मृत्यू १९८९. नावापुढे पूर्वी 'ज्युनियर'ची इंग्रजी दोन अक्षरं, अलीकडे स्वल्पविराम आणि पलीकडे टिंब होतं. तिथे आता बोटभर खोलगट, गुळगुळीत जागा होती. बाकी एका अक्षराला ओरखडासुद्धा नव्हता.

आमच्याकडे बाप आपलं नाव पहिल्या मुलाला देतो. मग घरात हाक मारताना गोंधळ नको म्हणून मुलाला ज्युनियरवरून जुन म्हणायचं. जुननेही आपल्या मुलाला तेच नाव दिलं. तो तिसरा, म्हणून सगळे त्याला थर्ड म्हणतात. वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी आम्ही आलिंग लावतो आणि पुरुषाच्या नावाआधी मांग.

"हे पुरिंगचं काम," मेर्लिता म्हणाली. "बावीस वर्षं झाली, तरी तिची आग विझत नाही."

१९८१ साली भर दुपारी, खोबऱ्याच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकखाली आलिंग पुरिंगची नऊ वर्षांची निंग सापडली. ट्रक थांबला नाही. जुनला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून तो फुप्फुसं खराब होऊन आला आणि तीन वर्षांत गेला. त्याला अटक मीच केली होती. त्याच्या थडग्यावर मी कधी आलो नव्हतो.

"सगळं तसंच आहे ना? तू काही हलवलंस?"

"हातच लावला नाही."

मी वाकून बघितलं. पाटीवर आणि खाली दगडाची पूड नव्हती. कुणीतरी ती वेचून, पुसून नेली होती. उरलेल्या अक्षरांच्या खाचांतलं शेवाळ बारीक ब्रशने काढलेलं होतं. आणि समोरच्या मऊ मातीत बुटक्या बाकड्याच्या चार पायांचे ठसे होते. एकावर एक, जरासे सरकलेले. तिथे कुणीतरी बसून काम केलं होतं, आणि एकदा नाही, बऱ्याचदा.

राग आलेला माणूस बाकडं घेऊन येत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं.

२

आलिंग पुरिंग अंगणातल्या हापशाजवळ उकिडवी बसून चादरी आपटत होती. दिवसभर ती अशीच बसते. साठीला आली, पण अजून चार घरची धुणी धुते.

"या, पोलीस," ती म्हणाली. मला कॅप न म्हणणारी वस्तीत ती एकटीच.

मी तिला पाटीचं सांगितलं. तिने चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली.

"कोणती अक्षरं?"

"ज्युनियर."

"आणि नाव?"

"नाव आहे तसंच आहे."

तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

"मी गेले असते तर हातोडा घेऊन गेले असते. आणि ज्युनियर कशाला खोडीन? नाव खोडलं असतं. ज्युनियरनं माझं काय घोडं मारलंय?"

"मेर्लिताला तुमचा संशय आहे."

"असू दे. तिला काय बोलायचं ते बोलू दे, तिला हक्क आहे." ती परत धुण्याला बसली. मी निघालो तशी मागून म्हणाली, "पोलीस, एवढंच विचारायला आला होतास?"

"आणखी काय विचारायचं?"

"बघ बाबा. तुला आठवत असेल तर बघ."

मला आठवत नव्हतं. किंवा, खरं सांगायचं तर, मी आठवू दिलं नाही. सायकल घेतली आणि गवंड्याकडे गेलो.

३

पाटी एर्मो गवंड्याने कोरली होती. तो माझ्याबरोबर कबरस्तानात आला, खोलगट जागेवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"हे छिन्नीचं काम नाही. गवंड्याचं तर नाहीच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुरतडलंय आणि मग पॉलिश पेपरने घासलंय. आठ-दहा दिवस सहज लागले असणार. कॅप, एवढी चिकाटी असलेला माणूस मला कामाला मिळाला तर बरं होईल."

"तुला कुणी विचारलं होतं, पाटी बदलायचं वगैरे?"

तो घुटमळला. "मेर्लिताने. मागच्या वर्षी. म्हणाली, पाटी काढ आणि नवी बसव. नुसतं 'जुन' लिही, बाकी काही नको. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्याला, मांग दुलोला विचार, पाटी त्याने करून घेतलीय. मग ती परत आली नाही."

"मांग दुलोने काय लिहायला सांगितलं होतं?"

"हेच. पण ज्युनियरसाठी फार जीव खाल्ला होता त्याने. मी आपलं बारीक कोरलं होतं. म्हणाला, नाही, नावाएवढं मोठं हवं, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. दोनदा करून घेतलं." एर्मोने टोपी मागे सारली. "ट्रकच्या दारावर नाही का त्याने 'सीनियर' रंगवून घेतलं? चर्चमधल्या बाकावरसुद्धा. तेही माझंच काम. पोरगा तुरुंगात गेला त्याच वर्षी."

"त्याआधी नुसतं नाव होतं?"

"नुसतं. तेव्हा कशाला लागतंय सीनियर-ज्युनियर? सगळे ओळखतात की."

मेर्लिताच्या घरी गेलो, तिने कबूल केलं. "विचारलं होतं मी. ते नाव त्याच्या छातीवर दगडासारखं ठेवलंय, असं वाटायचं मला. घरात त्याला कुणी तिओदुलो म्हटलंच नाही कधी. पण मला काढायचं असतं तर अख्खं काढलं असतं, कॅप. दोन अक्षरं काढून काय मिळणार?"

थर्ड पाठमोरा बसून बुटाला पॉलिश करत होता. बावीस वर्षांचा, खलाशाचं शिक्षण पुरं केलेला. त्याचे जहाजाचे कागद तीन महिने अडकले होते, कारण पोलीस दाखल्याच्या खिडकीवर त्याचं नाव टाकलं की एक गुन्हा वर यायचा.

"मला विचारायचं असेल तर विचारा," तो न वळता म्हणाला. "मी त्या थडग्याकडे जात नाही. आईला विचारा. दर वर्षी ती एकटी जाते."

"का जात नाहीस?"

"एका पोरीला चिरडून पळून गेलेल्या माणसाला मेणबत्ती लावू?" आता तो वळला. "खिडकीवर बाई विचारते, हे तुमचे कोण? मी सांगतो, कुणी नाही, नावबंधू आहे. चार लोक मागे उभे असतात. बापाने मला नाव दिलं आणि वर हे दिलं."

मेर्लिता उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"त्या कागदावर तिसरा असं नसतं का?" मी विचारलं. "तू तिसरा. तो ज्युनियर. वेगळं कळायला हवं."

"तिसरा माझ्या कागदावर आहे. त्यांच्या कागदावर काहीच नाही. नुसतं तिओदुलो आब्रासाल्दो. म्हणून तर कुणालाही लागतं ते."

नुसतं तिओदुलो आब्रासाल्दो. थडग्यावर आता तेच उरलं होतं.

मी पुढचं काही विचारलं नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जुन्या नोंदवह्या कुठल्या खोलीत असतात, ते मला माहीत होतं.

४

१९८१ ची वही वाळवीने अर्धी खाल्ली होती. हवं ते पान शाबूत होतं. मनातून मला वाटत होतं की ते नसावं.

तक्रार देणार: पुरिफिकासियोन, मुलीची आई. अपघात दुपारी दीड वाजता, खोबऱ्याच्या वखारीच्या वळणावर. गाडी: आब्रासाल्दोचा ट्रक. चालक: तिओदुलो आब्रासाल्दो. वय: अंदाजे पंचेचाळीस.

जुन तेव्हा बावीस वर्षांचा होता.

अक्षर माझं होतं.

खिडकीतून ऊन येत होतं आणि ठाण्यातली पोरं बाहेर हसत-खिदळत होती. मी ते पान तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना मला तो दिवस दिसायला लागला. आम्ही दोघे शिपाई आब्रासाल्दोंच्या अंगणात गेलो. मी वॉरंट वाचलं आणि विचारलं, "तिओदुलो आब्रासाल्दो कोण?" मांग दुलो ओट्यावर उभा होता. त्याने मान खाली घातली. जुनने कडेवरचं तान्हं पोर बायकोकडे दिलं आणि म्हणाला, "मी."

मी वॉरंटकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. आणि बेड्या काढल्या.

मला वाटलं होतं, नावाचा माणूस हजर आहे, तो स्वतः हो म्हणतोय, कोर्ट बघून घेईल. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की वयाचा आकडा मीच लिहिला होता, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. की मीच पुसून टाकलं होतं?

५

मांग दुलो ओट्यावर बसला होता, बुटक्या बाकड्यावर, डावा पाय सरळ पुढे पसरून. तो गुडघा वाकत नाही. ट्रकच्या क्लचने त्याची वाट लावली, असं तो सांगतो. शेजारी पत्र्याची अवजारांची पेटी होती.

"बस, कॅप. कॉफी?"

"नको. मांग दुलो, ज्युनियर तुम्ही खोडलंत."

त्याने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "कशावरून?"

"पुरिंगने खोडलं असतं तर नाव खोडलं असतं. मेर्लितानेही. थर्ड तिकडे फिरकत नाही. आणि ती तिघंही जमिनीवर बसतात. ज्याला बाकडं न्यावं लागतं असा माणूस मला एकच ठाऊक आहे. पूड गोळा करून नेलीत, उरलेली अक्षरं ब्रशने साफ केलीत. ज्याचं थडगं आहे त्याच्यावर तुमचा राग नव्हता."

"आणखी?"

"कोर्टाच्या कागदावर ज्युनियर नव्हतं. शिक्षा नुसत्या नावाला झाली. ज्युनियर नंतर आलं. तुम्ही आणलंत. ट्रकवर सीनियर, बाकावर सीनियर आणि त्याच्या पाटीवर ज्युनियर, रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं. लोकांना कळावं म्हणून, की गुन्हेगार तो, तुम्ही नाही."

म्हाताऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"ट्रक मी चालवत होतो," तो म्हणाला. "दुपारच्याला लाम्बानोगची दारू प्यायलो होतो, निम्मी बाटली. पोरगी दिसली तेव्हा... दिसली होती, ओनोराटो. दिसली नाही असं नाही."

त्याने पसरलेला पाय दोन्ही हातांनी जरा सरकवला.

"घरी आलो. जुनला सांगितलं. तो दारूला शिवत नसे. म्हणाला, ताताय, दारू निघाली तर तुम्हाला फार मोठी शिक्षा होईल. माझ्या तोंडाला वास नाही. नाव तर एकच आहे. मी म्हणालो, दोन दिवस जा, मी वकील घेऊन येतो, सगळं सांगतो. दोन दिवस." त्याने दोन बोटं वर केली आणि ती तशीच राहिली. "तो बाहेर पडताना माझ्याकडे आला. माझा हात घेऊन कपाळाला लावला. मी आशीर्वाद दिला. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. तुरुंगात जाणारा मुलगा बापाचा आशीर्वाद घेतो, यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

"मग गेला का नाहीत?"

"तिसऱ्या दिवशी जाणार होतो. मग चौथ्या. मग खटला लागला. मग वाटलं, आता सांगितलं तर दोघांनाही आत टाकतील. मग तो सुटून आला आणि एका शब्दाने बोलला नाही. मेर्लिताला शपथ घातली होती त्याने. तो मेला तेव्हा मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो. स्वतःच्या पोराच्या मयतीत मला वाटलं, सुटलो. आणि मी गवंड्याला सांगितलं, ज्युनियर मोठं कर."

"आता खोडलंत का? येऊन सांगायचं होतं मला."

"तोंडातून निघत नाही रे. बावीस वर्षं गिळलंय ते, आता वर येत नाही. थर्ड दोन आठवड्यांमागे म्हणाला, या नावाची मला घाण वाटते. माझ्यासमोर म्हणाला. मी भात खात होतो, खात राहिलो." त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन गेलो. म्हटलं, कुणीतरी बघेल. कुणीतरी येईल आणि विचारेल. तेव्हा तू विचारलं नाहीस, ओनोराटो. कोण तिओदुलो, एवढंच विचारलंस. कोणता, ते नाही."

मी त्याला शिवी दिली. ती त्याला होती की मला, सांगता येत नाही.

"उठा," मी म्हणालो. "पुरिंगकडे जायचंय. मेर्लिताला आणि थर्डलाही बोलावतो."

"थर्ड नको."

"थर्डच पाहिजे."

६

अंगणात चादरी वाळत होत्या. पुरिंगने आम्हाला बसा म्हटलं नाही. मांग दुलोने उभ्या उभ्या सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढं सगळं, बाटलीसकट. मधेच मेर्लिता ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसत होती. थर्ड आजोबाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला ते अजून समजतच नसावं.

बोलणं संपलं. पुरिंग म्हणाली, "माहीत होतं मला."

थर्डने मान वळवली. "काय माहीत होतं?"

"कोण चालवत होतं ते. मी हापशावर होते, वळणावरचा हापसा. तोंड बघितलं होतं मी त्याचं." तिने मांग दुलोकडे बोट केलं. "ठाण्यात सांगितलं, पंचेचाळीसचा गडी आहे. या पोलिसाने लिहून घेतलं. मग कोर्टात गेले तर पिंजऱ्यात हा पोरगा. न्यायाधीशाने विचारलं, ट्रक तिओदुलो आब्रासाल्दो चालवत होता का? मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते. मला कुणी कोणता म्हणून विचारलं नाही."

"तुम्ही बघितलंत त्याला?" थर्डचा आवाज चिरकला. "पिंजऱ्यात? माझ्या बापाला?"

"बघितलं. निळा शर्ट होता. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड फिरवलं."

"का?"

"कुणीतरी जात होतं ना आत. माझ्या निंगसाठी कुणीतरी जात होतं. तेव्हा तेवढं पुरलं मला." तिने दोरीवरची चादर सरळ केली. "तू आईच्या मांडीवर होतास, मागच्या बाकावर. रडत होतास. तेही दिसलं होतं."

मेर्लिता पुढे झाली. मला वाटलं, ती मारणार. तिने नुसतं पुरिंगच्या समोर उभं राहून विचारलं, "मला दर वर्षी कबरस्तानात बघत होतीस ना तू? चाळीस पावलांवर तुझ्या पोरीचं थडगं. एकदा तरी तोंड उघडलंस?"

"तूही बघत होतीस मला," पुरिंग म्हणाली. "तुलाही माहीत होतं."

"मला शपथ होती."

"आणि मला काय होतं?" असं म्हणून पुरिंग हापशाच्या कठड्यावर बसली. मग म्हणाली, "पोलीस, कागद आहे?"

माझ्या खिशात वस्तीच्या तक्रारींची वही होती. मी कोरं पान काढलं.

"विचार. नीट विचार या खेपेला."

"ट्रक कोण चालवत होतं?"

"तिओदुलो आब्रासाल्दो."

पेन टेकवलं आणि थांबलो. थर्ड माझ्याकडेच बघत होता.

"कोणता?" मी विचारलं.

"थोरला. जुनचा बाप. हा." ती माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. "वय लिही. मग पुढे लिही, जुन नव्हता चालवत. मला ते माहीत होतं आणि मी बोलले नाही."

मी लिहिलं. तिने ओले हात स्कर्टला पुसून सही केली. मांग दुलोने केली, पेन दोनदा घसरलं. पानावर खाली चार ओळींची जागा उरली होती. ती कोरी ठेवून मी वही मिटू शकलो असतो. तिथे कुणी काही म्हणालं नसतं.

मी लिहिलं, मलाही माहीत होतं. खाली पूर्ण नाव लिहिलं, ओनोराटो ब्रियोनेस, तेव्हाचा पोलीस शिपाई, आणि सही केली.

थर्डने माझ्या हातातून वही ओढून घेतली. उभ्या उभ्या सगळं वाचलं, माझी ओळसुद्धा. मग ते पान काळजीपूर्वक फाडलं, चार घड्या घातल्या आणि आईच्या हातात दिलं. वही त्याने माझ्या पायाशी टाकली. मी खाली वाकून ती उचलली, आणि वर बघायला मला बराच वेळ लागला.